काट्याची तार

आखाडा बाळापूर कागदोपत्री कळमनुरी तालुक्यात येतं, पण गावाचा जीव रस्त्यावर आहे. नांदेडहून निघालेली वाहतूक वारंगा फाट्यावर फुटते. एक वाट हदगाव-उमरखेडवरून यवतमाळकडे जाते, दुसरी आमच्या गावावरून हिंगोली आणि पुढे अकोल्याकडे. जानेवारी सरता सरता शेतात हळद निघायला लागते. मग ती कुकरमध्ये शिजते, वाळते, ढोलात घालून पॉलिश होते. उन्हाळा चढला की कट्ट्यांनी भरलेल्या गाड्या हिंगोलीच्या, वसमतच्या, नांदेडच्या बाजाराकडे आणि कधी थेट सांगलीकडे निघतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन येतं, ते पुष्कळदा सुटंच, ट्रॉलीत ओतलेलं. या दोन हंगामांत शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मेहनतीचा आकडा जिथे होतो, ती जागा म्हणजे भुईकाटा.

माझा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. शाळा, आडत दुकानं, सेवा केंद्रं, रक्त तपासायच्या लॅब, सगळीकडची कामं येतात. पण या रस्त्यावरच्या काट्यांचे कॉम्प्युटर सांभाळायला मला सगळ्यांत जास्त आवडतं. तिथे बिघाड झाला तर त्याची झळ कॉम्प्युटरच्या मालकापेक्षा रांगेतल्या ट्रॅक्टरवाल्याला आधी लागते, आणि दुरुस्त झालं की त्याचा जीव भांड्यात पडलेला समोर दिसतो.

वाटसरूला काटा म्हणजे जमिनीसरशी लोखंडी पाटी आणि शेजारची पत्र्याची खोली, एवढंच दिसतं. पाटीखाली लोडसेल बसवलेले असतात. गाडी वर आली की लोडसेलमधलं पोलाद केसभराहूनही कमी दबतं, त्यावर चिकटवलेल्या पट्टीचा विद्युतरोध बदलतो, तो बदल तारेवाटे खोलीतल्या इंडिकेटरपर्यंत येतो आणि लाल आकड्यांत किलो दिसायला लागतात. ६० टनांचा काटा साधारण १०-१० किलोंच्या पायरीने मोजतो. भरलेल्या गाडीचं एक वजन, रिकाम्या गाडीचं दुसरं, आणि वजाबाकी झाली की माल.

कायद्याच्या नजरेत वजन सांगणारं यंत्र हा इंडिकेटर आणि ही पाटी. वैध मापन शास्त्राचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. त्याप्रमाणे भुईकाट्याची दर वर्षी पडताळणी होते. प्रमाणित वजनं पाटीवर ठेवून निरीक्षक काटा तपासतात, मुद्रांकन करतात, इंडिकेटरला सील लागतं. ते सील उघडायचा अधिकार परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याला आहे. मला नाही, आणि तो नसावा हेच बरोबर आहे. माझी हद्द सुरू होते त्या डब्याच्या पाठीमागे, जिथे नऊ पिनांचा एक पोर्ट असतो.

या पोर्टला आम्ही सीरियल म्हणतो, काटेवाले ‘कॉमचं कनेक्शन’ म्हणतात. आरएस-२३२ हे त्याचं प्रमाण अमेरिकेत १९६० साली ठरलं, तेव्हा ते टेलिप्रिंटर आणि मोडेम जोडण्यासाठी होतं. नऊ पिनांचा आजचा आकार आयबीएमच्या १९८४ च्या एटी कॉम्प्युटरपासून रुळला. काट्याच्या कामाला त्यातल्या तीनच तारा लागतात. दोन नंबरला येणारी, तीन नंबरला जाणारी आणि पाच नंबरला जमीन. इंडिकेटर दिवसभर आपल्या लयीत आकडे पाठवत राहतो. सुरुवातीची खूण, वजनाचे अंक, शेवटची खूण, आणि पुन्हा तेच. कॉम्प्युटरमधला प्रोग्राम हे आकडे ऐकत असतो. ऑपरेटरने बटण दाबलं की त्या क्षणीचा आकडा पावतीवर उतरतो.

आकडे पाठवायचा हा वेग आजच्या हिशेबाने फार कमी आहे. सेकंदाला १२०० बिट म्हणजे जेमतेम १२० अक्षरं. पण ट्रॅक्टर पाटीवर चढून स्थिर व्हायलाच काही सेकंद जातात. वजनाला याहून घाई नाही, त्यामुळे या पोर्टने माझ्या पाहण्यात कधी कुणाला खोळंबून ठेवलेलं नाही.

तार काढून टाकली तरी काटा चालतो, हे खरं आहे. लाल आकडा दिसतोच. तो वाचायचा आणि कीबोर्डवर टाइप करायचा. मग एवढ्या तारेचा आग्रह कशाला, असं मला कितीदा तरी विचारलं गेलं आहे. आग्रह यासाठी की आकडा आणि पावती यांच्यामध्ये माणसाचा हात येऊ नये. ऑपरेटर कितीही सरळ असला तरी रात्री अकराला, शंभराव्या गाडीनंतर त्याच्या हातून १२,४५० चे १२,५४० होऊ शकतात. आणि सरळ नसला तर काय, ते सांगायलाच नको. खोलीबाहेर मोठा डिस्प्ले लावलेला असतो, शेतकरी तिथे आकडा बघतो, मग पावती हातात घेऊन दोन्ही ताडतो. ज्याला वाचता येत नाही तोही अंक ताडतो. मधली तार शाबूत असली तर त्याला दोन्हीकडे एकच आकडा दिसणार.

तर अशा एका काट्यावर नवा लॅपटॉप आला.

जुना डेस्कटॉप धुळीने आणि विजेच्या जाण्या-येण्याने खिळखिळा झाला होता. पाटीवरून उठणारी माती, सोयाबीनचा भुसा, हळदीची पिवळी भुकटी, हे सगळं त्याच्या पंख्यात जाऊन बसायचं. वीज गेली की इन्व्हर्टरवर येताना तो मध्येच बंद पडायचा आणि अर्धवट नोंद तशीच अडकून राहायची. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, हा विचार अगदी योग्य होता. मालकांच्या मुलाने नांदेडहून चांगला, हलका, महागातला लॅपटॉप आणला. मला बोलावून म्हणाला, “दादा, नवं घेतलंय. तेवढा काटा जोडून द्या, संध्याकाळी गाड्या येतेत.”

मी लॅपटॉप चारी बाजूंनी पाहिला. डाव्या कडेला टाइप-सीची दोन भोकं, उजवीकडे हेडफोनचं एक. नऊ पिनांचा पोर्ट लॅपटॉपवरून जाऊन जमाना झाला, त्याची अपेक्षाही नव्हती. इथे साधं चौकोनी यूएसबीसुद्धा नव्हतं. इंडिकेटरमधून आलेली काळी जाड केबल, तिच्या टोकाचा दोन स्क्रूंचा डबा, आणि हा सपाट, गुळगुळीत लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले होते.

पोर्ट का गेला याचं कारण समजण्यासारखं आहे. नऊ पिनांच्या डब्याची पट्टीच साडेबारा मिलिमीटर उंच असते. टाइप-सीचं भोक अडीच मिलिमीटरच्या आसपास. आज लॅपटॉपची अख्खी जाडीच दोन सेंटिमीटरच्या आत आणायची चढाओढ आहे. त्यात १९९६ साली यूएसबी आलं आणि कीबोर्ड, माऊस, प्रिंटर सगळे एका प्रकारच्या भोकात जाऊ लागले. २०१४ मध्ये टाइप-सीचा आराखडा आला, आणि आता चार्जर, पडदा, डेटा सगळं एकाच भोकातून. युरोपीय संघाने फोनला २०२४ च्या अखेरीपासून आणि लॅपटॉपला २८ एप्रिल २०२६ पासून टाइप-सी चार्जिंग सक्तीचं केलं. मला हे पटतं. दुकानात चार्जरच्या तारांचा गुंता मी रोज सोडवतो, सगळ्यांना एक चार्जर झाला तर गरिबाचेच पैसे वाचतील.

पण लॅपटॉपचं आयुष्य पाच-सहा वर्षांचं आणि काट्याचं वीस-पंचवीस. लॅपटॉप बदलला म्हणून काटा बदलत नाहीत. इंडिकेटर बदलायचं म्हटलं तर परवानाधारक माणूस बोलवा, काटा नव्याने जुळवा, पुन्हा पडताळणी करून मुद्रांकन घ्या. ऐन हंगामात पाटी बंद ठेवा. एवढं करून मिळणार काय, तर वजनाचा तोच आकडा. जे यंत्र सरकारी वजनं ठेवून खरं ठरलं आहे आणि ज्याच्यावर गावाने भरवसा टाकला आहे, त्याला नव्याने विकत आणलेल्या वस्तूसाठी हलवायचं नाही, ही गोष्ट माझ्या मनात पक्की आहे. जुळवून घ्यायचं ते लॅपटॉपने.

गावाच्या या भरवशाची एक आठवण आहे. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास आमच्या भागाला भूकंपाचा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, पाठोपाठ ३.६ चा दुसरा. केंद्र कळमनुरी तालुक्यातच होतं. माणसं घराबाहेर आली, भिंती चाचपून पाहिल्या. हळदीचे दिवस होते. दिवस वर आल्यावर काट्यांवर येणारा पहिला प्रश्न होता, “आकडा शून्यावर हाय का?” पाटी रिकामी ठेवून शून्य पाहिलं, ओळखीच्या वजनाची गाडी चढवून पाहिली, मगच काम सुरू झालं. काट्याकडे इथली माणसं कशी पाहतात हे मला त्या सकाळी नीट दिसलं.

नवा लॅपटॉप आला त्या संध्याकाळी तो काट्याला जोडला गेला नाही. बाजारपेठेत मिळाला तो यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर निळ्या पारदर्शक प्लास्टिकचा, नाव-गाव नसलेला होता. टाइप-सीला साधं यूएसबी जोडणाऱ्या हबमधून लावल्यावर विंडोजने त्यातली चिप ओळखली आणि ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी बोला, असं सांगून काम नाकारलं. वस्तू विकणाऱ्याकडे नवीच होती, पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं. चिप करणाऱ्या कंपनीने नव्या विंडोजसाठी केलेला ड्रायव्हर जुन्या चिपला चालू द्यायचा नाही असं ठरवलं होतं, त्याचं एक कारण म्हणजे त्या चिपच्या नकला बाजारात भरमसाट झाल्या होत्या. ही भांडणं फार मोठ्या पातळीवर चालतात. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीचा ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटमधून जगभर गेला आणि तिच्या नावाने खपवलेल्या नकली चिपांची ओळखच त्याने शून्य करून टाकली. ओरड झाल्यावर तो मागे घेतला गेला. नकली माल करणाऱ्याचं त्यात काही बिघडलं नाही. अडला तो पूर्ण किंमत मोजून, विश्वासाने वस्तू घेणारा शेवटचा माणूस. त्याला चिप असली की नकली हे ओळखायचं साधनच नसतं.

रात्री गाड्या आल्या आणि ऑपरेटरने वजनं हाताने टाइप केली. या प्रोग्राममध्ये हाताने भरलेल्या पावतीवर तशी खूण उमटते. शेवाळा गावाकडचे एक म्हातारे शेतकरी होते. पावती दिव्याखाली धरून त्यांनी ती खूण पाहिली आणि ऑपरेटर पोराला विचारलं, “बाबू, हा आकडा काट्यानं लिव्हला का तू लिव्हला?”

पोरगा सरळ होता, त्याने त्यांना हाताला धरून बाहेरच्या डिस्प्लेजवळ नेलं, आकडा दाखवला. त्यांचं समाधान झालं. पण हा प्रश्न प्रत्येक गाडीला विचारला जायला नको, म्हणून दुसऱ्या दिवशी मी नांदेडहून चांगला कन्व्हर्टर आणला.

चांगला म्हणजे काय, हे इथे जरा सविस्तर सांगतो, कारण या गोष्टी कुठे लिहिलेल्या सापडत नाहीत आणि आमच्यासारख्या गावात त्या एकेकट्याने शिकाव्या लागतात.

पहिली गोष्ट वेग जुळवायची. इंडिकेटर २४०० ने बोलत असेल आणि कॉम्प्युटर ९६०० ने ऐकत असेल तर पडद्यावर आकड्यांऐवजी चित्रविचित्र अक्षरं येतात. लोकांना वाटतं तार खराब आहे. तार चांगली असते, दोघांचा ठेका जुळलेला नसतो. अक्षराला बिट आठ की सात, पॅरिटी आहे की नाही, हेही दोन्हीकडे एकच लागतं. जुन्या कॉम्प्युटरवर हे सगळं कुणीतरी वर्षांपूर्वी जुळवून ठेवलेलं असतं, आणि तो कॉम्प्युटर भंगारात जातो तेव्हा ही माहितीही भंगारात जाते. म्हणून जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवर त्यातून ही आकडेवारी उतरवून घेणं, हे नवा लॅपटॉप घेण्याच्या आधीचं काम आहे.

दुसरी गोष्ट नंबराची. जुन्या कॉम्प्युटरवरचा पोर्ट जन्मभर कॉम-१ असायचा. कन्व्हर्टरला विंडोज स्वतः नंबर देतं, आणि तो सात येईल की अकरा याचा नेम नाही. काट्याचे जुने प्रोग्राम कॉम-४ च्या पुढे जातच नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो नंबर हाताने एकवर आणता येतो, पण काही कन्व्हर्टरच्या चिपमध्ये स्वतःचा अनुक्रमांक नसतो. असा कन्व्हर्टर एका भोकातून काढून दुसऱ्यात घातला की विंडोजला तो नवीनच पाहुणा वाटतो आणि नंबर पुन्हा बदलतो. खोली झाडताना केबल काढली, दुसरीकडे लावली आणि काटा ‘बंद पडला’, असे कितीतरी फोन मला आलेत. चिपला अनुक्रमांक असलेला कन्व्हर्टर घेतला तर हा त्रास मिटतो. पैसे थोडे जास्त पडतात, ते द्यावेत.

तिसरी गोष्ट झोपेची. लॅपटॉप बॅटरी वाचवायला बसलेला असतो. मध्यरात्री दोन गाड्यांमध्ये अर्धा तास गेला की तो यूएसबीची वीज बारीक करतो. कन्व्हर्टर झोपतो. पुढची गाडी पाटीवर येते, लाल आकडा दिसतो, पण प्रोग्राम मेलेल्या पोर्टला धरून बसलेला असतो. पॉवरच्या सेटिंगमध्ये ही बचत बंद करावी लागते, झाकण मिटलं तरी झोपू नकोस हेही सांगावं लागतं. डेस्कटॉपवर हा प्रश्न कधी आला नव्हता, त्यामुळे काटेवाल्यांना तो भुताटकीसारखा वाटतो.

आणि चौथी, स्क्रूची. नऊ पिनांच्या डब्याला दोन्ही बाजूंनी स्क्रू असतात. तीस टनांचा ट्रक पाटीवर चढतो तेव्हा खोलीचा पत्रा थरथरतो, टेबल थरथरतं. स्क्रूने आवळलेली केबल हलत नाही. टाइप-सी मात्र नुसतं घातलेलं असतं. त्याला हब लोंबकळत असेल, हबला कन्व्हर्टर आणि कन्व्हर्टरला ती जाड केबल, तर सगळा भार त्या अडीच मिलिमीटरच्या भोकावर येतो. चार महिन्यांत ते सैल होतं, आणि लॅपटॉपचं भोक बदलणं म्हणजे मोठा खर्च. त्यावर मी केलेला उपाय सुताराकडचा आहे. प्लायवूडची एक पाटी भिंतीला ठोकायची. हब आणि कन्व्हर्टर तिच्यावर पट्टीने आवळायचे. इंडिकेटरची केबल तिथेच स्क्रूने बसवायची. लॅपटॉपपर्यंत फक्त एक छोटी, मऊ टाइप-सी केबल आणायची. ती सैल झाली तर ती बदलायची, शे-दोनशेत काम होतं.

वीज पडण्याचं मी वेगळं सांगतो, कारण त्यात माणसाला झटका बसू शकतो. मे-जूनमध्ये इथे वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो. पाटी म्हणजे उघड्या रानातलं मोठं लोखंड. आमच्याकडे अर्थिंगची अवस्था कुठेकुठे नावापुरतीच असते. खड्ड्यातलं मीठ-कोळसा वाळून गेलेला, तार गंजलेली. इंडिकेटरची जमीन वेगळी, लॅपटॉपच्या चार्जरची वेगळी, आणि दोन्हींना जोडणारी ती पाच नंबरची तार. दोन जमिनींमध्ये व्होल्टेजचा फरक पडला की तो त्या तारेतून धावतो आणि वाटेतली बारकी चिप जळते. जुने पोर्ट यात बरंच सोसायचे, कारण त्यांचं बोलणंच उणे-अधिक १२ व्होल्टच्या आसपासचं. कन्व्हर्टर तेवढा टणक नसतो, आणि त्याच्यामागे लॅपटॉपचा मदरबोर्ड असतो. म्हणून काट्यासाठी आयसोलेटेड कन्व्हर्टरच घ्यावा. त्यात दोन बाजूंमध्ये विजेची सलग वाट नसते, आकडा प्रकाशाने किंवा चुंबकाने पलीकडे जातो. त्याआधी अर्थिंगमध्ये पाणी ओता, तार बदला, हेही मी मालकांना सांगतो. वादळ दिसलं की केबलच काढून ठेवा, गाड्या थांबल्या तर थांबल्या.

हे सगळं बसल्यावर त्या लॅपटॉपने काटा उचलला. तेव्हापासून तो चालू आहे.

बिनतारी जोडणीचा सल्ला मला दर हंगामात कुणीतरी देतं. ब्लूटूथचा डबा लावा, तारेची कटकटच नको. तांत्रिकदृष्ट्या ते होतं. पण काट्यावर मी ते करत नाही. रिमोटने वजन फिरवल्याच्या बातम्या शेतकऱ्यांनी वाचलेल्या असतात. तिथे हवेतून आकडा जातो म्हटल्यावर कोण विश्वास ठेवील? तार डोळ्यांना दिसते. इंडिकेटरमधून निघते, लॅपटॉपमध्ये शिरते, मध्ये काही नाही. हमाल, मापाडी, ड्रायव्हर, कुणीही खोलीत डोकावून ती पाहू शकतो.

ज्यांना लॅपटॉपच हवा असं नाही, त्यांना मी अजूनही डेस्कटॉप सांगतो. नव्या डेस्कटॉपच्या मागे नऊ पिनांचा पोर्ट दिसत नसला तरी कितीतरी मदरबोर्डवर आत त्याच्या पिना असतात. एक छोटी पट्टी आणि रिबन केबल बसवली की खरा कॉम-१ मिळतो. दुकानदार हे सांगत नाहीत, कारण बहुतेकांना ते माहीत नसतं. सोबत बऱ्यापैकी यूपीएस घेतला की विजेचाही प्रश्न राहत नाही.

पावती छापणाऱ्या प्रिंटरची कथा याच वळणाची आहे, ती थोडक्यात सांगतो. काट्यावर डॉट मॅट्रिक्सच लागतो, कारण पिना कागदावर आपटल्याशिवाय कार्बनखालच्या प्रती उमटत नाहीत. एक प्रत ड्रायव्हरला, एक मालाच्या धन्याला, एक काट्यावर. लेझर प्रिंटर तीनदा छापेल, पण तीन वेगळे कागद आणि एकाच ठोक्याने उमटलेल्या तीन प्रती यांत आडतीच्या दुकानात फरक मानतात. त्या प्रिंटरचा २५ पिनांचा पॅरलल पोर्टही लॅपटॉपवर नाही. यूएसबीची तार लावून विंडोजमधून तो छापतो, पण जुना डॉसचा प्रोग्राम एलपीटी-१ नावाचं दार शोधत राहतो. प्रिंटर शेअर करून त्या नावाने वळवून दिला की दार सापडतं. शाळांच्या प्रोजेक्टरचंही तसंच. लोकवर्गणीतून घेतलेले प्रोजेक्टर १५ पिनांच्या व्हीजीएचे, १९८७ सालचं ते प्रमाण, आणि गुरुजींचा नवा लॅपटॉप एचडीएमआयचा. नुसती तार चालत नाही, सिग्नलचं रूप बदलणारा कन्व्हर्टर लागतो. तो कुठल्याही शाळेला परवडतो, त्यासाठी चांगला प्रोजेक्टर कपाटात ठेवून देण्याची गरज नाही.

लॅबवाल्यांना मात्र मी ही तार काट्याइतक्याच गांभीर्याने घ्यायला सांगतो. रक्ततपासणीची कितीतरी यंत्रं आजही याच नऊ पिनांतून निकाल बाहेर देतात. तिथे तार तुटली तर निकाल हाताने उतरवले जातात. साखर २१० ऐवजी १२० लिहिली गेली तर काय होईल, हे काट्यावरच्या गोंधळाहून फार वाईट आहे.

लॅपटॉप बनवणाऱ्यांनी हा पोर्ट परत आणावा असं मी म्हणत नाही. शहरातल्या बहुतेक लोकांना तो लागत नाही. माझी मागणी विकणाऱ्यांकडे आहे. गिऱ्हाईक गावाकडून आलं असेल तर त्याला एवढंच विचारा की याला काय काय जोडायचं आहे. आडतीचा माणूस, काटेवाला, लॅबवाला, गुरुजी, प्रत्येकाच्या खोलीत एक जुनं, चांगलं, कामाचं यंत्र असतं. ते विचारलं तर तो त्याच किमतीत साध्या यूएसबीचा लॅपटॉप घेईल, हबची गरजच उरणार नाही, आणि कन्व्हर्टर तिथूनच नीट पारखून नेईल. माझ्याकडे आता लोक लॅपटॉप घ्यायला जाण्याआधी फोन करतात. मी त्यांना सांगतो, जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीमागचा फोटो काढा आणि दुकानदाराला दाखवा. यातली एकेक तार कुठे जाणार, हे त्याने बोट ठेवून सांगितलं तरच पैसे द्या.

मी सांभाळतो त्या काट्यांच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला आता एक कागद चिकटवायला लागलो आहे. वेग किती, बिट किती, पॅरिटी काय, कॉमचा नंबर कोणता, कन्व्हर्टरमध्ये चिप कुठली, पिना कशा जोडल्या आहेत, असं सगळं मराठीत, मोठ्या अक्षरांत. कागदाला प्लास्टिकचं कव्हर. खाली ड्रायव्हरचा पेनड्राइव्ह खिळ्याला टांगलेला, कारण ड्रायव्हर लागतो तेव्हाच नेटला रेंज नसते. कुणा मालकाला वाटलं की हे लिहून ठेवलं तर माझं काम जाईल. मला तसं वाटत नाही. रात्री एक वाजता मी कुठे लग्नाला गेलो असेन, फोन लागणार नाही, आणि रांगेत वीस ट्रॅक्टर असतील. त्या वेळी ऑपरेटर पोराला, नाहीतर नांदेडहून आलेल्या कुण्या अनोळखी दुरुस्तीवाल्याला तो कागद वाचून काटा चालू करता आला पाहिजे. एका काट्यावर हे घडलंसुद्धा आहे. पोराने कागद पाहून नंबर स्वतः बदलला आणि सकाळी मला नुसतं सांगितलं.

वारंगा फाट्याकडच्या काही काट्यांवर हा कागद लावायचा राहिला आहे. तिथल्या एका इंडिकेटरची केबल उंदरांनी कुरतडली आहे, ती नव्या पाइपातून ओढायची आहे, आणि दोन ठिकाणी आयसोलेटेड कन्व्हर्टर बसवायचे आहेत. सोयाबीनच्या गाड्या सुरू व्हायच्या आत हे उरकायचं ठरलं आहे.